जोसेफ लुई गे-ल्युसॅक

जोसेफ लुई गे-ल्युसॅक (६ डिसेंबर, इ.स. १७७८ - ९ मे, इ.स. १८५०) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. विद्यार्थ्यांना ते वायूंच्या नियमांमुळे परिचित असतात. तथापि क्षारांच्या साहाय्याने कापड ज्वालारोधक करण्याचा पहिला पद्धतशीर अभ्यासही त्यांचाच मानला जातो.

जीवन

त्यांचा जन्म सें-लेओनार-द-नोब्ला या गावी झाला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात त्यांच्या वडिलांना कारावास भोगावा लागला. पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमध्ये शिक्षण घेतल्यानंतर ते क्लोद बेर्तोले यांचे साहाय्यक झाले. इ.स. १८०४ मध्ये हवेचे नमुने गोळा करण्यासाठी ते फुग्यातून एकट्याने सुमारे ७,००० मीटर उंचीपर्यंत गेले. इ.स. १८०८ मध्ये त्यांनी वायूंच्या संयोगी आकारमानांचा नियम मांडला.

ज्वालारोधक लेप

त्या काळी नाट्यगृहांत मेणबत्त्या व तेलाचे दिवे जळत आणि त्यांच्या शेजारीच कापडी पडदे टांगलेले असत. पॅरिसचे ओदेआँ नाट्यगृह इ.स. १७९९ व इ.स. १८१८ असे दोनदा जळाले. राजा अठरावा लुई याने पडद्यांच्या संरक्षणाचे काम गे-ल्युसॅक यांच्याकडे सोपविले. त्यांनी निरनिराळ्या क्षारांच्या द्रावणांत कापड बुडवून ते जाळून पाहिले व इ.स. १८२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यांच्या मते दोन प्रकारचे क्षार उपयुक्त ठरतात. टाकणखारासारखे क्षार सहज वितळून धाग्यांवर काचेसारखा थर धरतात व हवा अडवितात. नवसागरासारखे क्षार तापल्यावर न जळणारी वाफ सोडतात आणि ज्वलनशील वायू विरळ करतात. अमोनियम फॉस्फेटमध्ये हे दोन्ही गुण एकत्र आढळतात: त्यातून अमोनिया निघून जातो व मागे राहणारे आम्ल कापडाचा कोळसा करते, ज्वाला होऊ देत नाही. विदर्भातील शेतकऱ्यांना खत म्हणून ठाऊक असलेले डीएपी याच कुळातील होय.

या उपायात एक मोठी उणीव होती. हे क्षार पाण्यात विरघळत असल्याने एका धुलाईतच संरक्षण नाहीसे होई. पडद्यांचे त्यावाचून फारसे अडत नसे, अंगावरच्या कपड्यांचे मात्र अडे. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम हेन्री पर्किन (धाकटे) यांनी धाग्यातच कथिलाचे ऑक्साइड बसवून धुलाईत टिकणारी प्रक्रिया शोधली. पोलादी बांधकामावरील आजच्या फुगणाऱ्या रंगलेपांत अमोनियम पॉलिफॉस्फेट हा प्रमुख घटक असतो.

गे-ल्युसॅक यांचे निधन पॅरिस येथे झाले. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचे नाव आहे.