222 विरुद्ध शून्य : जॉन हाइसमन यांचा विक्रम आणि वारसा

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये गुणांचे डोंगर रचणारे संघ अनेक होऊन गेले. मात्र, अटलांटा येथील जॉर्जिया टेकच्या चाहत्यांना जुन्या दिवसांची आठवण काढण्यासाठी एकच आकडा पुरतो : 222 विरुद्ध शून्य. 7 ऑक्टोबर 1916 रोजी ग्रँट फील्डवर कंबरलँड महाविद्यालयाविरुद्ध झालेला हा विक्रम शंभर वर्षे उलटली तरी अबाधित आहे. त्या संघाचे प्रशिक्षक होते जॉन हाइसमन. या आकड्याने त्यांना अजरामर केले खरे. पण त्यांच्या आयुष्यातील अधिक मोलाची कामगिरी त्याच आकड्याआड झाकली गेली.

हाइसमन यांचा जन्म 23 ऑक्टोबर 1869 रोजी क्लीव्हलँड येथे झाला. बालपण पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल या तेलविहिरींच्या गावात गेले. वडील तेलासाठी लाकडी पिंपे बनवीत. मुलाचे फुटबॉलचे वेड त्यांना रानटीपणाचे वाटे. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडील पायांनी खेळायचा खेळ नव्हे. रग्बीतून निघालेला, लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्यांची भिंत फोडत धावण्याचा तो खेळ. अंगकाठी बेताची असूनही हाइसमन ब्राऊन आणि नंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून तो खेळले. कायद्याची पदवीही मिळाली. पण डोळ्यांना इजा झाल्याने वकिली मागे पडली आणि 1892 मध्ये ओबरलिन महाविद्यालयाच्या संघाचे प्रशिक्षकपद त्यांनी स्वीकारले.

फुटबॉलचा हंगाम संपला की ते नाटकात कामे करीत. शेक्सपिअरचा प्रभाव इतका, की मैदानावरही त्यांची भाषा रंगभूमीची असे. अल्पशिक्षित खेळाडूला ती किती उमजत असेल, हा प्रश्नच आहे!

1895 मध्ये ते ऑबर्न येथे प्रशिक्षक होते. त्या वर्षी जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्या सामन्यात कोंडीत सापडलेल्या एका खेळाडूने चेंडू हाताने पुढे फेकला, सहकाऱ्याने तो झेलला आणि थेट गोलरेषा गाठली. ही फेक नियमबाह्य होती. पंचांच्या मात्र ते लक्षात आले नाही. प्रेक्षकांत बसलेल्या हाइसमन यांना त्या एका क्षणात या खेळाचे भवितव्य दिसले. त्या काळी खेळाडू एकमेकांत हात गुंतवून पाचर ठोकावी तसे समोरच्या फळीवर आदळत. हाडे मोडणे नित्याचे होते, प्राणही जात. चेंडू पुढे फेकण्याची मुभा दिली तर बचाव करणाऱ्यांना मैदानभर पांगावे लागेल आणि ही जीवघेणी गर्दी आपोआप फुटेल, असा त्यांचा साधा तर्क होता. नियम समितीचे सर्वेसर्वा वॉल्टर कॅम्प यांच्याकडे त्यांनी हा आग्रह धरला. अनेक वर्षे कोणी दाद दिली नाही. अखेर 1905 च्या हंगामात, तेव्हाच्या वृत्तपत्रीय नोंदींनुसार, 18 जणांचा बळी गेला. खेळावर बंदी घालण्याची भाषा सुरू झाली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलवावे लागले. 1906 मध्ये पुढील फेक नियमात आली. तिचे श्रेय एकट्या हाइसमन यांचे नाही; पण सर्वांत आधी आणि सर्वांत चिकाटीने तिची बाजू मांडणाऱ्यांत ते होते.

तोवर ते जॉर्जिया टेकमध्ये आले होते. 1903 मध्ये त्यांच्या क्लेमसन संघाने टेकला 73–0 असे धुऊन काढले. टेकने मग त्या प्रशिक्षकालाच आपल्याकडे आणले. वर्षाला 2,250 डॉलर आणि तिकीट विक्रीतील 30 टक्के वाटा, असा करार झाला.

कंबरलँड हे टेनेसीतील लेबनन गावचे महाविद्यालय. 1903 मध्ये त्याच कंबरलँडने हाइसमन यांच्या क्लेमसनला 11–11 असे बरोबरीत रोखले होते. 1916 मध्ये मात्र त्यांनी फुटबॉल संघच बंद केला होता. सामना रद्द करावा, अशी विनंती त्यांनी केली. हाइसमन यांनी कराराकडे बोट दाखविले. सामना न खेळल्यास 3,000 डॉलर भरपाई, खेळल्यास 500 डॉलर आणि प्रवासखर्च. बिचाऱ्या कंबरलँडच्या विद्यार्थी व्यवस्थापकाने दीड डझनही भरणार नाहीत एवढी मुले गोळा केली आणि अटलांटा गाठले.

या हट्टामागे दोन कारणे सांगितली जातात. त्याच वर्षी वसंतात हाइसमन यांच्याच बेसबॉल संघाला कंबरलँडने 22–0 असे हरविले होते आणि त्या संघात पैसे घेऊन खेळणारे खेळाडू घुसविल्याचा संशय होता. दुसरे कारण अधिक तात्त्विक. क्रीडा पत्रकार संघांची योग्यता एकूण गुणांवरून ठरवीत, हे हाइसमन यांना हास्यास्पद वाटे. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध हवे तेवढे गुण करता येतात, हे त्यांना दाखवायचे होते. तत्त्व होतेच, पण सूडही होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पहिल्या सत्रात 63, दुसऱ्यात आणखी 63. मध्यंतराला 126–0. उत्तरार्धाचा वेळ कमी केला, तरी 54 आणि 42 गुणांची भर पडली. एकूण 32 टचडाउन आणि त्यांवरचे 30 जादा गुण. कंबरलँडचे काही खेळाडू पुन्हा मैदानात जावे लागू नये म्हणून टेकच्या बाकावर जाऊन बसले, ही दंतकथा अटलांटात आजही रंगवून सांगितली जाते. या सगळ्या आतषबाजीत टेकने चेंडू एकदाही पुढे फेकला नाही! ज्या फेकीसाठी हाइसमन वर्षानुवर्षे झगडले, तिची त्या दिवशी गरजच पडली नाही.

त्या हंगामात टेकने नऊ सामन्यांत 421 गुण केले. त्यांतील निम्म्याहून अधिक या एका दुपारचे. नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध त्यांना 10–6 असे निसटते यश मिळाले, तर वॉशिंग्टन अँड लीने 7–7 अशी बरोबरी साधली. हाइसमन यांचा मुद्दा त्यांच्याच गुणतक्त्याने सिद्ध केला, असे म्हणावे लागते. त्यांचा खरा सरस संघ 1917 चा. नऊच्या नऊ सामने जिंकून त्याने 491 गुण केले, दिले केवळ 17. व्हँडरबिल्टला 83–0, कार्लाइलला 98–0. दक्षिणेतील संघाला राष्ट्रीय विजेता मानले जाण्याची ती पहिलीच वेळ.

1919 मध्ये घटस्फोट झाला. पत्नी ज्या शहरात राहील तेथे आपण राहायचे नाही, असे उभयतांत ठरले होते. तिने अटलांटा निवडले आणि सोळा हंगामांचा संसार मागे टाकून हाइसमन निघाले. पुढे पेनसिल्व्हेनिया, वॉशिंग्टन अँड जेफरसन, राइस असा प्रवास झाला; जुनी जादू मात्र परतली नाही. 1927 नंतर त्यांनी प्रशिक्षण सोडले.

अखेरची वर्षे न्यूयॉर्कच्या डाउनटाउन अॅथलेटिक क्लबमध्ये क्रीडा संचालक म्हणून गेली. सर्वोत्तम खेळाडूला मानचिन्ह देण्याची कल्पना क्लबने मांडली, तेव्हा सांघिक खेळात एकालाच गौरविणे त्यांना प्रथम रुचले नव्हते. 1935 मध्ये शिकागोच्या जे बरवँगर यांना ते मानचिन्ह प्रथम मिळाले. 3 ऑक्टोबर 1936 रोजी न्यूमोनियाने हाइसमन यांचे निधन झाले. विस्कॉन्सिनमधील राइनलँडर या दुसऱ्या पत्नीच्या गावी त्यांना दफन करण्यात आले आणि क्लबने मानचिन्हाला त्यांचेच नाव दिले. काखेत चेंडू घट्ट धरून दुसऱ्या हाताने प्रतिस्पर्ध्याला दूर सारणारा खेळाडू त्या ब्राँझच्या पुतळ्यात आहे. पुढे फेक करणारा नाही.