झुकलेल्या डोळ्यांच्या तीन मुली

डोळ्यांची आखणी झाली की गणपतीच्या मूर्तीत जीव येतो, हे आम्हा पेणकरणींना कुणी सांगायला नको. पण अमृता शेरगिलने १९३५ साली 'तीन मुली' रंगवल्या, त्यांचे डोळे झुकलेले. आपल्याकडे एकीचीही नजर नाही. आपलं पुढे काय होणार, हे दुसरंच कुणी ठरवतंय, असं मला ते चित्र बघताना वाटतं.

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ चा, बुडापेस्टचा. वडील शीख, आई हंगेरियन. लहानपणी पाहिलेल्या एका बालवधूबद्दल तिने डायरीत लिहून ठेवलं होतं. १६ व्या वर्षी ती चित्रकला शिकायला पॅरिसला गेली, १९३४ च्या अखेरीस परतली. 'तीन मुलीं'ना १९३७ मध्ये मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. अजिंठा पाहून आल्यावर, त्याच वर्षी तिने नवरीचा साजशृंगार रंगवला. ५ डिसेंबर १९४१ ला लाहोरला ती गेली. वय अवघं २८!

रोह्याच्या माझ्या भाचीने मासिकांतली चित्रं कापून कोलाज केलंय. एका कडेला फ्रॉक नि सागरगोटे, दुसऱ्या कडेला शालू. मधली जागा कोरीच. तिथे काय चिकटवायचं ते अजून ठरायचंय म्हणे. मैत्रिणींनो, ते तिचं तिला ठरवू द्यायला हवं, नाही का?