विश्लेषण : ब्रेकमधली ‘एअर’ आणि ब्लेझ पास्कल

बरीच वर्षे उभी असलेली जुनी गाडी रस्त्यावर आणली, की अनेकदा ब्रेकचे पेडल स्पंजासारखे मऊ लागते. दोन-चार वेळा पंप केल्यावर ब्रेक लागतो खरा, पण घाटाच्या उतारावर तेवढी सवड मिळत नाही. लाइनमध्ये एअर आहे, असे गॅरेजमध्ये सांगितले जाते. ती काढण्यामागचे विज्ञान अवघे ३९ वर्षे जगलेल्या एका फ्रेंच माणसाने मांडून ठेवले आहे.

कोण होता पास्कल?

ब्लेझ पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ येथे झाला. तिसऱ्या वर्षी आई गेली. वडील करवसुलीच्या कामात. त्यांची आकडेमोड हलकी व्हावी म्हणून १६४२ मध्ये त्याने बेरीज-वजाबाकीचे यंत्र बनवायला घेतले. प्रकृती मात्र कायम तोळामासा.

डोंगरावरचा प्रयोग काय होता?

निसर्गाला पोकळी चालतच नाही, अशी तेव्हाच्या पंडितांची धारणा होती. नळीतला पारा वर टिकतो तो बाहेरच्या हवेच्या भारामुळे, असे पास्कलचे म्हणणे. मग डोंगरमाथ्यावर पारा उतरायला हवा! १९ सप्टेंबर १६४८ रोजी थोरल्या बहिणीचे पती फ्लोराँ पेरिए नळी घेऊन प्वी-द-दोम डोंगर चढले. खाली मठाच्या बागेत दुसरी नळी ठेवून तिच्यावर दिवसभर पाळत होती. खालचा पारा जागचा हलला नाही. माथ्यावरचा सुमारे आठ सेंटिमीटर उतरला.

याचा ब्रेकशी संबंध काय?

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे पास्कलने पुढे लिहिले. एका दट्ट्याचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या शंभरपट असेल, तर लहान दट्ट्या दाबणारा एक माणूस मोठ्यावरच्या शंभर जणांना तोलून धरतो. नोव्हेंबर १६५४ नंतर त्याचे मन धर्माकडे वळले आणि हे लेखन पडून राहिले. गंमत म्हणजे शेवटच्या वर्षात तो वाहनांकडेच वळला. मार्च १६६२ मध्ये पॅरिसमध्ये ठरावीक मार्गांवर, पाच सू भाड्यात घोडागाड्या धावू लागल्या, ती योजना त्याची. १९ ऑगस्टला तो गेला. द्रवांचा समतोल आणि हवेचा भार यांवरचे त्याचे पुस्तक छापून आले १६६३ मध्ये. त्या तत्त्वावरचे चारही चाकांचे ब्रेक विक्रीच्या मोटारीत यायला १९२१ साल उजाडले. ते अमेरिकेच्या माल्कम लॉकहीडचे.

एअर कशी काढतात?

ब्रेक ऑइल जवळजवळ दबतच नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जातो. हवा मात्र दबते. जोर बुडबुडे आवळण्यातच संपतो. म्हणून एकाने पेडल पंप करून दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल सैल करायचा. नळीतून बुडबुड्यांसह ऑइल बाहेर येते. सुरुवात बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने होते. टाकीतले ऑइल संपू द्यायचे नाही.

नवशिक्याची चूक ठरलेली असते : निपल बंद होण्याआधी पाय उचलणे. पेडल परतताना लाइनमधला दाब घटतो आणि बाहेरची हवा आपल्या भाराने आत शिरते. प्वी-द-दोमवर मोजला गेला तो हाच भार. मग त्या चाकाचे काम पुन्हा पहिल्यापासून.