बाप्तिस्मा १८८३ला, पण क्षमा उमगली ८ वर्षांनी! पंडिता रमाबाईंचा प्रवास समजून घ्या

येशूवर विश्वास ठेवला की पापांची क्षमा मिळते, असे ख्रिस्ती धर्माबद्दल आपण ऐकतो. पण विश्वास ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे? बाप्तिस्मा घेतला की झाले? पंडिता रमाबाईंना या प्रश्नाचे उत्तर मिळायला बाप्तिस्म्यानंतरही ८ वर्षे लागली. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, मृत्यू ५ एप्रिल १९२२चा.

पुण्य जोडता जोडता उपासमार

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले. त्यावरून विरोध झाला, तेव्हा त्यांनी सह्याद्रीतल्या गंगामूळ येथे रानात घर केले. रमाबाई तिथेच जन्मल्या. पुढे सगळे कुटुंब पुराण सांगत तीर्थांमागून तीर्थे फिरले. परळीच्या वैजनाथाला येणारे यात्रेकरू पाहणाऱ्या बीडकरांना हे चित्र नवे नाही. पाप फिटावे, देव पावावा म्हणून या कुटुंबाने स्नाने, उपास, दाने केली. जवळचे होते नव्हते ते सारे त्यात गेले. १८७४च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. पाठोपाठ थोरली बहीणही गेली.

रमाबाई भावासोबत पायी फिरत १८७८मध्ये कोलकात्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८०मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय लग्न केले. १८८२मध्ये पतीही गेले. पदरात तान्ही मनोरमा.

नवरा मेला तो बाईच्याच पूर्वजन्मीच्या पापाने, असे तेव्हा विधवेला ऐकवले जाई. पाप हा रमाबाईंसाठी पोथीतला शब्द नव्हता, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

इंग्लंडमध्ये काय घडले?

१८८३मध्ये त्या शिकायला इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सिस्टर्सच्या आश्रमात त्या राहिल्या. याच सिस्टर्स लंडनजवळ फुलहॅमला, समाजाने वाईट चालीच्या ठरवलेल्या स्त्रियांना सांभाळत होत्या. अशा बाईला पुन्हा उभे करणारा धर्म असू शकतो, हे रमाबाईंनी तिथे पाहिले. शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर बोलणाऱ्या येशूची कथा त्यांनी वाचली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण बुद्धी गप्प बसेना. अनेक मतांबद्दल त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. पुढे अमेरिकेतून निधी जमवून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. वर्षभराने ते पुण्याला नेले.

मग १८९१च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्रीचे आत्मकथन त्यांच्या हाती आले. हे गृहस्थ वर्षानुवर्षे पाद्रीचे काम करत होते. त्यांना स्वतःला विश्वास गवसला तो १८५१मध्ये, व्यासपीठावर प्रवचन करता करता! रमाबाई चमकल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालाच नाही, असे त्यांना जाणवले.

मुद्दा असा. प्रॉटेस्टंट शिकवणीनुसार माणसाच्या पापाची शिक्षा येशूने क्रूसावर आधीच भोगली आहे. क्षमा कमवायची नसते. ती दान म्हणून स्वीकारायची, आणि त्या स्वीकारालाच विश्वास म्हणायचे. सत्कर्मे मागाहून येतात, किंमत म्हणून नव्हे. आईवडिलांनी सर्वस्व वेचूनही जी खात्री मिळाली नव्हती, ती मुलीला फुकट मिळत होती. बाप्तिस्मा म्हणजे ती खात्री नव्हे, हे त्यांना इतक्या वर्षांनी कळले.

वाद आणि मुक्ती

या खात्रीची किंमत मात्र शारदा सदनाने मोजली. रमाबाई घरच्या प्रार्थनेचे दार उघडे ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. सदन धर्माबाबत तटस्थ राहील, असे आधी सांगितलेले होते. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांचा विश्वासघात झाल्याची तक्रार पोकळ नव्हती. पण मनातला आनंद दाराआड लपवणे रमाबाईंच्या स्वभावातच नव्हते.

१८९६पासूनच्या दुष्काळांत त्यांनी शेकडो मुली व बायका वाचवून दौंडजवळच्या केडगावला आणल्या. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १९००च्या सुमारास तिथे जवळपास २ हजार जणी होत्या. फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी त्यांनी वेगळे घर काढले, कृपा सदन. फुलहॅमला पाहिलेले आता केडगावात होते. १९०५मध्ये मुक्तीत प्रार्थनेची लाट आली. मुली रडत आपली पापे कबूल करू लागल्या. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्याच राज्यात गुलबर्ग्यालाही रमाबाईंनी पुढे शाळा काढली.

अखेरची वर्षे बायबलच्या भाषांतरात गेली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशा मराठीत. त्यासाठी त्या उतारवयात या दोन्ही भाषा शिकल्या. छपाईचे काम मुक्तीतल्या बायकाच करत. १९२१मध्ये मनोरमा गेली, पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई. संपूर्ण बायबल छापून आले १९२४मध्ये.