ग्रंथपालांचे गुरु रंगनाथन्

ग्रंथपाल म्हणजे कपाटांच्या किल्ल्या संभाळणारा व पुस्तक हरविल्यास दंड घेणारा गृहस्थ, अशी पुष्कळांची समजूत असते. वैद्यकी किंवा वकिलीप्रमाणें या कामासही रीतसर शिक्षण लागतें, हें हिंदुस्थानास पटवून देण्यांत शियाळी रामामृत रंगनाथन् यांचा वांटा फार मोठा आहे. परंतु आरंभीं तें त्यांचें त्यांसच पटलेलें नव्हतें. तें कसें पटलें, हीच त्यांच्या चरित्रांतील बोधप्रद गोष्ट होय.

रंगनाथन् यांचा जन्म १८९२ सालीं तंजावर जिल्ह्यांतील शियाळी या गांवीं झाला. सहाव्या वर्षींच पितृछत्र हरपलें. शिवाय बोलतांना जीभ अडखळे. तरी ते नेटानें शिकले, आणि १९१६ सालीं मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजांतून गणित विषय घेऊन एम्. ए. झाले. तेथील गणिताचे अध्यापक एडवर्ड रॉस यांजविषयीं त्यांस जन्मभर आदर वाटे.

कांहीं वर्षें सरकारी कॉलेजांत गणित शिकविल्यावर १९२४ च्या जानेवारींत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पगार अधिक, पण तेथें वाचक फारसे फिरकत नसत. वर्गांतील प्रश्नोत्तरांची संवय असलेल्या या शिक्षकास तो एकांत असह्य झाला, व थोड्याच दिवसांत ते जुनी जागा परत मागावयास गेले. तेव्हां असें ठरलें कीं, आधीं विलायतेस जाऊन या विद्येचें शिक्षण घ्यावें. त्यानंतरही मन न रमल्यास खुशाल परत यावें.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत बर्विक सेयर्स हे त्यांचे गुरु होते. रंगनाथन् यांनीं तिकडील शंभरांहून अधिक ग्रंथालयें हिंडून पाहिलीं. सर्व थरांतील लोक, लहान मुलेंसुद्धां, तेथें हक्कानें पुस्तकें नेत. जें काम निर्जीव वाटलें होतें, तें वस्तुतः शिक्षकाचेंच आहे, हें त्यांस उमगलें. एका दुकानांत मेकॅनो खेळण्याचे तेच तुकडे निरनिराळ्या रीतीनें जोडून नवनव्या वस्तु होतांना त्यांनीं पाहिल्या. पुस्तकाचा विषयही असाच सुट्या अंगांच्या जोडणीनें दाखवितां येईल, हें त्यांस सुचलें. पुस्तक भाताच्या रोगांवर असेल, तर शेती, भात व रोग यांचीं चिन्हें द्विबिंदूनें जोडावयाचीं. ही द्विबिंदु वर्गीकरण पद्धति १९३३ सालीं प्रसिद्ध झाली.

१९२५ सालीं परत आल्यावर जुन्या जागेचें नांवही त्यांनीं काढलें नाहीं. कपाटें वाचकांस खुलीं केलीं. हवें तें पुस्तक शोधण्यास वाचकांस मदत मिळूं लागली. परंतु एकट्यानें शिकून काय होणार? इतर ग्रंथालयांतील सेवकांस कोण शिकविणार? म्हणून १९२८ सालीं निघालेल्या मद्रास ग्रंथालय संघातर्फें १९२९ सालीं त्यांनीं शिक्षणवर्ग उघडला. १९३१ सालीं तो विद्यापीठानें आपल्याकडे घेतला. त्याच वर्षीं त्यांचा पांच नियमांचा ग्रंथ निघाला. पुस्तकें उपयोगासाठीं आहेत. प्रत्येक वाचकास त्याचें पुस्तक व प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वांचावा. आणि ग्रंथालय सदैव वाढत असतें, असा त्या नियमांचा आशय.

पुढें काशीस व दिल्लीस त्यांनीं हेंच कार्य चालविलें, आणि १९६२ सालीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, बंगलोर येथें नवें शिक्षणकेंद्र काढलें. जन्मभर सांठविलेले एक लाख रुपये त्यांनीं पत्नी शारदा यांच्या नांवें ग्रंथालयशास्त्राच्या अध्यापकपदासाठीं मद्रास विद्यापीठास दिले. २७ सप्टेंबर १९७२ रोजीं ते निवर्तले. १२ ऑगस्ट हा दिवस आपल्या देशांत ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात.

विद्यार्थी मित्रहो, नावडतें काम वांट्यास आलें, तर तें टाकण्यापूर्वीं एकदां नीट शिकून पाहावें. रंगनाथन् यांनीं तसें केलें नसतें, तर एक गणिताचा शिक्षक आपणांस लाभला असता, पण हजारों ग्रंथपालांचा गुरु हरपला असता.