विश्लेषण : सावित्रीबाई फुले यांनी दुष्काळात मुलांच्या भाकरीची सोय कशी केली? आजच्या शालेय पोषण आहाराशी त्याचे नाते काय?

नांदेड, लातूर भागात पाऊस दगा देतो तेव्हा पालकांपुढे एक प्रश्न हमखास येतो. उन्हाळी सुटी लागली, शाळेतली खिचडी बंद झाली, तर मुलांच्या दुपारच्या जेवणाचे काय? जवळपास दीडशे वर्षांपूर्वी सावित्रीबाई फुले यांच्यासमोर असाच प्रश्न होता.

नायगाव ते भिडे वाडा

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० मध्ये जोतिराव फुले यांच्याशी विवाह झाला आणि लिहिणे-वाचणे त्या सासरी शिकल्या. १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढे अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. गरीब घरातले मूल शाळेत का टिकत नाही, हे फुले दाम्पत्याने जवळून पाहिले. त्यांच्या घरी राहून विद्यार्थी शिकत आणि त्यांचे खाणेपिणे सावित्रीबाई पाहत.

१८७७ : अक्षरांआधी भाकरी

१८७६ ते ७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. नांदेड, लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानालाही झळ बसली. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते मदतीला उतरले. सावित्रीबाई जुन्नर तालुक्यातील ओतूर भागात होत्या. तेथे सावकारांशी झालेल्या संघर्षात काही कार्यकर्ते पकडले गेले. सावित्रीबाईंनी अधिकाऱ्यांपुढे त्यांची बाजू मांडली. कार्यकर्ते सुटले, शिवाय लोकांसाठी ज्वारीच्या गाड्या मिळाल्या.

पुण्याजवळ धनकवडी येथे सत्यशोधक समाजाने व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. दुष्काळात उपाशी पडलेल्या लहान मुलांना तेथे जेवण मिळे. खर्चासाठी जोतिरावांनी मे १८७७ मध्ये लोकांना मदतीचे आवाहन केले. म्हणजे मुलांची भाकरी तेव्हा देणगीवर अवलंबून होती. देणगी आटली की ताट रिकामे.

जोतिरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे किमान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. सावित्रीबाईंनी काम थांबवले नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रुग्णसेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी उचलून तेथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

देणगीतून हक्काकडे

मराठवाड्यातील जुन्या पिढीला १९७२ चा दुष्काळ आणि तेव्हा वाटलेली सुकडी आठवते. तीही मदतच होती. चित्र बदलले ते नंतर. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात शालेय पोषण आहाराची केंद्रीय योजना सुरू झाली. तेव्हा अनेक ठिकाणी कोरडे धान्यच मिळे. शाळेत शिजवलेले जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. योगायोगाने हा जोतिरावांचा स्मृतिदिन. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा कायदेशीर हक्क झाले.

आज हक्क काय आहे?

- सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत शाळेच्या प्रत्येक दिवशी एक मोफत जेवण.
- पहिली ते पाचवी : ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिने. सहावी ते आठवी : ७०० उष्मांक, २० ग्रॅम प्रथिने.
- धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्याने जेवण मिळाले नाही, तर अन्नसुरक्षा भत्ता. तो पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावा लागतो.

सुटीत आणि दुष्काळात?

कायद्यातून शाळेच्या सुट्या वगळल्या आहेत. नेमकी तेथेच भूक गाठते. म्हणून दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुटीतही जेवण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात न्यायालयाने हा आदेश पुन्हा दिला आणि अंडी, दूध किंवा तत्सम पौष्टिक पदार्थही देण्यास सांगितले.

तरी एक फट उरते. ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांसोबत मूल गेले की शाळा सुटते आणि ताटही सुटते. अशा मुलाला गावातील नातेवाइकांकडे ठेवून शाळेत टिकवता येते किंवा तोडीच्या गावातील शाळेत दाखल करता येते. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला नसला तरी शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेश नाकारता येत नाही. जेवण मिळत नसेल तर मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि मग गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार करावी. धनकवडीत मुलांसाठी देणगी मागावी लागली होती. आज पालकांना फक्त हक्क मागायचा आहे.