मुलीचा हात वाचवणारं लाल औषध: गेरहार्ड डोमाक आणि घशातल्या जंतूची गोष्ट

डिसेंबर १९३५. जर्मनीतल्या वुपरटाल शहरात सहा वर्षांची हिल्डेगार्ड हातात सुई घेऊन असताना जिन्यावर पडली आणि सुई हातात घुसली. ती काढली, पण हात सुजला, ताप चढला. जखमेत स्ट्रेप्टोकोकस जंतू शिरला होता. चिरा देऊन पू काढला तरी संसर्ग वरवर सरकत होता. हातच कापावा लागेल, अशी चिन्हं दिसू लागली.

अशा वेळी बहुतेक आईवडिलांच्या हाती प्रार्थनेशिवाय काही नसायचं. हिल्डेगार्डच्या वडिलांकडे मात्र प्रॉन्टोसिल नावाचं एक लालभडक औषध होतं. ते त्यांनीच उंदरांवर तपासलेलं होतं. त्यांनी ते मुलीला दिलं. ताप उतरला, हात वाचला. त्यांचं नाव गेरहार्ड डोमाक.

रंगाच्या कारखान्यात औषध

डोमाक यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८९५ चा, ब्रांडेनबुर्गमधल्या लागो गावातला. कील विद्यापीठात वैद्यकीचं शिक्षण सुरू झालं आणि लगेच पहिलं महायुद्ध पेटलं. डोमाक सैन्यात गेले, जखमी झाले आणि पुढे लष्करी इस्पितळांत काम करू लागले. तिथे शस्त्रक्रिया नीट होऊनही नंतरच्या संसर्गाने दगावणारे सैनिक त्यांनी पाहिले.

१९२७ मध्ये ते बायरच्या वुपरटालमधल्या प्रयोगशाळेत रुजू झाले. ही कंपनी तेव्हा आय. जी. फार्बेन या बड्या रसायन उद्योगाचा भाग होती आणि रंग बनवणं हा तिचा मुख्य धंदा होता. फ्रिट्झ मिट्श आणि योझेफ क्लारर हे रसायनतज्ज्ञ नवनवे रंग तयार करायचे. डोमाक ते जंतू टोचलेल्या उंदरांना द्यायचे. शेकडो रंग वाया गेले. अखेर १९३२ च्या डिसेंबरमध्ये एका लाल रंगाने उंदीर वाचले. निष्कर्ष जाहीर व्हायला मात्र फेब्रुवारी १९३५ उजाडला.

गंमत म्हणजे हा रंग काचेच्या नळीत जंतूंना काहीच करत नव्हता. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी त्याच वर्षी कोडं सोडवलं. शरीरात गेल्यावर तो रंग फुटतो आणि त्यातून सल्फानिलामाइड हा साधा, रंगहीन पदार्थ सुटतो. खरं औषध तेच होतं.

राष्ट्राध्यक्षांचा मुलगा आणि घसा

प्रॉन्टोसिल पोटातून घ्यायच्या आणि टोचायच्या, अशा दोन्ही रूपांत मिळायचं. १९३६ च्या अखेरीस अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांचा मुलगा फ्रँकलिन ज्युनियर घशाच्या स्ट्रेप्टोकोकस संसर्गाने बोस्टनच्या रुग्णालयात अत्यवस्थ झाला. डॉक्टरांनी त्याला इंजेक्शनही दिलं आणि गोळ्याही. तो बरा झाला, वर्तमानपत्रांत बातम्या झळकल्या आणि अमेरिकेत सल्फा औषधांची लाट आली.

डोमाक यांना १९३९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. पण हिटलर नोबेलवर चिडलेला होता, कारण नाझींचे कट्टर विरोधक कार्ल फॉन ओसिएट्स्की यांना शांततेचं नोबेल मिळालं होतं. जर्मनांनी हा पुरस्कार घ्यायचा नाही, असा हुकूमच होता. गेस्टापोने डोमाक यांना अटक केली आणि पुरस्कार नाकारायला लावला. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, त्यांना पदक आणि मानपत्र मिळालं. रकमेची मुदत तोवर संपली होती.

गोळी की इंजेक्शन?

पण डोमाक यांच्या औषधात एक मोठी उणीव होती. सल्फाने रुग्णाला बरं वाटायचं, पण घशातला जंतू पुरता जात नसे. हा जंतू रेंगाळला की काही मुलांना काही आठवड्यांनी ऱ्हुमॅटिक फीवर होतो. सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. भारतात ऱ्हुमॅटिक हृदयरोगाचे रुग्ण आजही आहेत. घसा दुखणं किरकोळ, पण त्याची किंमत अशी मोठी.

१९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या वॉरन हवाई तळावर घसा आलेल्या सैनिकांना पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली गेली. ऱ्हुमॅटिक फीवरचं प्रमाण झपाट्याने घटलं. सल्फाने उपचार करून हे साधत नव्हतं. (आधीच ऱ्हुमॅटिक फीवर होऊन गेलेल्यांना नव्या संसर्गापासून जपायला मात्र रोजची सल्फा उपयोगी ठरली.)

तेव्हा इंजेक्शनच का? कारण सुरुवातीचं पेनिसिलिन पोटातल्या आम्लात बरंचसं नष्ट व्हायचं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियातल्या कुंडल इथे आम्लात टिकणारं पेनिसिलिन व्ही सापडलं आणि गोळीचा मार्ग मोकळा झाला. त्याच सुमारास बेंझाथिन पेनिसिलिनही आलं. त्याच्या एका इंजेक्शनचा परिणाम काही आठवडे टिकतो.

आज मुलांच्या स्ट्रेप घशासाठी दोन्ही मार्ग मान्य आहेत. पोटातून द्यायचं तर पेनिसिलिन व्ही किंवा अमॉक्सिसिलिन, साधारण १० दिवस. दोन-तीन दिवसांत मूल खेळायला लागतं आणि बाटली फ्रिजमध्ये विसरली जाते, ही या मार्गाची खरी अडचण. इंजेक्शन दुखतं, पण एकदा दिलं की डोस चुकत नाही. म्हणून मुलाचा डोस पूर्ण होईल याची खात्री नसते, तिथे डॉक्टर त्याचा विचार करतात. घसा दुखण्याची बहुतेक कारणं मात्र विषाणूची असतात. त्यांच्यावर गोळी चालत नाही, इंजेक्शनही नाही.

डोमाक पुढे क्षयरोगाच्या औषधांवर काम करत राहिले. २४ एप्रिल १९६४ रोजी त्यांचं निधन झालं. तोवर घशाच्या उपचारात सल्फाची जागा पेनिसिलिनने घेतली होती.